बाबांचे दोन टेक

या ग्रुपवरचे जुने लोक मला ओळखतात. कोणी लिहिलं की रात्री छातीवर कोणीतरी बसलं होतं, की खाली माझी कमेंट हजर — "उताणं झोपू नका." कोणी लिहिलं घरात पावलं वाजतात, तर मी — "उंदीर." काही जणांनी मला ब्लॉकही केलंय, आणि मला त्यांचा राग नाही. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा घ्या हसून.

आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. पणजोबांपासून फौज, तीही महूची. नजर काढणं, उतारा टाकणं, अमावास्येला नखं न कापणं... यातलं काही आमच्याकडे कोणी कधी केलं नाही. लहानपणी मी एकदा शाळेतून ऐकून आले की मैदानाजवळच्या पिंपळावर कोणीतरी बसतं. बाबांनी मला हाताला धरून त्याच पिंपळाखाली नेलं आणि म्हणाले, "बस इथे. ज्याला यायचं त्याला येऊ दे. आला तर सांग, घरी चहाला चल म्हणावं." तासभर बसवलं. कोणी आलं नाही. विषय संपला.

मी सुजाता. इंदूरला भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाली सगळी कोचिंगची पोरं राहतात. फ्लॅटमधली एक खोली म्हणजे माझा स्टुडिओ — भिंतींना फोम, दाराला जुनी गादी ठोकलेली, खिडकीला जाड पडदे. मी म्युझिक प्रोग्रामिंग करते. तुम्ही जाहिरातीत, भजनात, कॉलेजच्या फिल्ममध्ये तो मोठा ऑर्केस्ट्रा ऐकता ना, ढीगभर व्हायोलिनं, बासऱ्या, नगारे? तिथे कोणीही बसलेलं नसतं भिया (इंदुरात आम्ही भावाला भिया म्हणतो). मी असते, गाऊन घालून, बाजूला पोह्यांची प्लेट.

हे कसं होतं ते थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. परदेशात कुठल्यातरी हॉलमध्ये खऱ्या वादकांना बसवून एकेक सूर वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो. त्याला सँपल म्हणतात. ते सूर माझ्या कॉम्प्युटरवर आहेत; मी कीबोर्डची पट्टी दाबली की तो सूर वाजतो. आता गंमत अशी, की एकच सूर लागोपाठ दाबला आणि दर वेळी तंतोतंत तोच आवाज आला, तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. ठॅ ठॅ ठॅ ठॅ... मशीन! म्हणून ही सँपलं बनवणारे लोक त्याच माणसाकडून तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवून घेतात, आणि कॉम्प्युटर दर वेळी त्यातला वेगळा उचलतो. कारण माणूस एकच गोष्ट दोनदा तशीच्या तशी करू शकत नाही. माझं पोट या एका वाक्यावर चालतं.

आता बाबा. बाबा फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, हवालदार म्हणून रिटायर झाले, आई आणि ते महूलाच राहतात. आमच्या बाबांसारखा मस्करी करणारा माणूस तुम्हाला अख्ख्या छावणीत सापडणार नाही. पण बँडचा विषय निघाला की मस्करी बंद. त्यांच्या बँडमध्ये एक पद्धत होती. प्रॅक्टिस चालू असताना बँडमास्टर क्लॅरिनेटवाल्यांच्या ओळीमागून फिरायचे, एकेकाच्या खांद्याशी कान नेऊन. ज्याचा आवाज ओळीतून वेगळा ऐकू आला, त्याला उभं करायचे. वेगळा म्हणजे वाईटच असं नाही... चांगला वेगळा असला तरी उभं. "मुझे तू नहीं सुनना, मुझे क्लॅरिनेट सुनना है!"

बाबांना एकदाही उभं केलं नाही. हे ते अजून सांगतात, लोक मेडल मिळाल्याचं सांगतात तसं.

मला मात्र त्याचा त्रासच झाला. लहानपणी परेडला मी डोळे मिटून त्या ओळीतून माझे बाबा शोधायचे. कधी सापडले नाहीत. वाद्य सरकारी, घरी आणायचं नाही. रिटायर झाल्यावर स्वतःचं सेकंडहँड घेतलं, पण वाजवणार कधी, तर जयंतीच्या मिरवणुकीत, जुन्या दोस्तांबरोबर. मी म्हणायचे, बाबा, एकदा एकटे वाजवा ना. तर म्हणायचे, "एकट्यानं काय वाजवायचं? एकटा माणूस शिट्टी मारतो."

त्यात मागच्या वर्षी त्यांच्या दातांनी जवाब दिला. वरचे पुढचे दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, वरचे सगळे काढू आणि कवळी बसवू. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात, तोच आधार. कवळीवर ते जमेल की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. मला तर रडूच आलं. दात जाण्याचं नाही हो... मला वाटलं, आता बाबांना एकटं ऐकायचं राहूनच जाणार.

आणि नेमकं तेव्हा समीर सरांचं काम आलं.

समीर सर पुण्याचे, इथे एका कॉलेजात शिकवायला आले आहेत. त्यांनी महूच्या फौजी कुटुंबांवर एक छोटी डॉक्युमेंटरी केली होती, तिचं म्युझिक माझ्याकडे दिलं. त्यांची अट एकच. "सुजाताजी, बाकी ऑर्केस्ट्रा तुमच्या कॉम्प्युटरचा चालेल. पण पुढे जे मुख्य वाद्य असेल ते खरं पाहिजे. खरा माणूस, खरी फुंकर." मी म्हटलं, सर, खरा माणूस माझ्या घरातच आहे, तोही महूचा, तोही फौजेच्या बँडचा. ते खुर्चीतून उठलेच. फिल्मच्या शेवटी पडद्यावर वेगळी पाटी येणार असं ठरलं — क्लॅरिनेट, आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव.

बाबांना फोन केला तर आधी मस्करी. "मला बोलावलंस तर तुझा कॉम्प्युटर नाराज होईल ना बेटा." मग पाटीचं सांगितलं. मस्करी बंद. मग आईचा आवाज आला मागून, "हो म्हणा ना, की तेही ओळीत उभं राहून म्हणणार?"

रेकॉर्डिंग दुपारी ठेवलं, कारण तेव्हा खालची पोरं क्लासला गेलेली असतात आणि गल्ली जरा गप्प असते. माइक लावायला नितीन भिया आला. नितीन भिया म्हणजे माझा जुना रेकॉर्डिस्ट मित्र, पक्का इंदुरी, गळ्यात हेडफोन घालूनच जन्माला आलाय. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खुर्चीवर ताठ बसले, माउथपीसची पत्ती ओठांनी ओली केली, कानाला हेडफोन लावले. त्यात माझा ऑर्केस्ट्रा आणि तालाची टिकटिक. शिवाय धून कळावी म्हणून मी सँपलच्या क्लॅरिनेटनं वाजवून ठेवलेली एक नमुन्याची पट्टी.

बाबांनी दोन टेक दिले. दोन्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता. नितीन भिया म्हणाला, "दीदी, अंकलनी तर गजब केलं! मला काही एडिटच नाही ठेवलं." मी हसले. बाबांच्या पाठीवर थाप मारली. पण खरं सांगू? इतकी वर्षं वाट बघून बाबांना एकटं ऐकलं, आणि माझ्या आत काही हललंच नाही. सुंदर होतं, अगदी निर्दोष होतं. कोणाचंही असू शकलं असतं. मला स्वतःचीच लाज वाटली की माझे कान सँपलं ऐकून ऐकून निबर झाले.

दोन्ही टेक मी समीर सरांच्या पुण्याच्या साउंडवाल्याला पाठवले. दोन-तीन दिवसांनी सरांचा फोन. आवाज एकदम थंड.

"सुजाताजी, तुम्हाला मी एकच गोष्ट मागितली होती."

"काय झालं सर?"

"तुम्ही सँपल पाठवलंत. दोन्ही टेकमध्ये तेच. वरून खोलीचा आवाज मिसळलाय, खुर्चीची कुरकुर वगैरे. छान केलंय, मानलं. पण मला फसवायची काय गरज होती?"

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझे बाबा हलत्या दातांनी तोंड दुखेपर्यंत वाजवून गेले, आणि हा माणूस म्हणतो सँपल? सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही स्वतः वजा करून बघा. मग बोला." आणि फोन ठेवला.

वजा करणं म्हणजे काय, सांगते. एक टेक सरळ ठेवायचा. दुसरा उलटा करायचा, म्हणजे आवाजाची लाट जिथे वर जाते तिथे ती खाली जाते. मग दोन्ही नीट जुळवून एकदम वाजवायचे. दोन्हीत जे तंतोतंत सारखं असेल, ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि शांतता होते. जे वेगळं, तेवढंच उरतं. दोन खऱ्या टेकमधून काहीही गायब होत नाही, होऊ शकत नाही. माणूस आहे ना... केसाइतका फरक पडला तरी सगळं जिथल्या तिथे ऐकू येतं.

मी लावलं. हेडफोन घातले.

खुर्ची कुरकुरली. खाली गल्लीत रिक्षाचा हॉर्न वाजला, मग दुसऱ्या टेकमधली कबुतराची फडफड. बाबांचा श्वास आला, एक पहिल्या टेकचा, एक दुसऱ्याचा, पुढेमागे. आणि क्लॅरिनेट नाही. एकही सूर नाही, बोटांखालच्या बटणांची टकटकही नाही. बाबा खोलीत बसलेले स्पष्ट ऐकू येत होते. वाजवत मात्र नव्हते.

मी पुन्हा पहिल्यापासून लावून बघितलं, तेच. पण मी घाबरले नाही हं, मी संशय घेतला. तो माझा स्वभावच आहे. आई म्हणते, ही दूधवाल्याच्या म्हशीचाही जबाब घेईल.

पहिला संशय स्वतःवर. मी चुकून एकच टेक दोनदा पाठवला का? नाही, तसं असतं तर रिक्षा, कबूतर, श्वास सगळंच गायब झालं असतं. दुसरा संशय, ती नमुन्याची पट्टी. ती चुकून बाबांच्या माइकऐवजी रेकॉर्ड झाली असेल तर? सर हेच म्हणत होते, आणि मला वाटलं सापडलं! मी ती पट्टी काढून बाबांच्या टेकमधून वजा केली. काहीही गायब झालं नाही. दोन्ही क्लॅरिनेटं मस्तपैकी वाजत राहिली, एक माझं, एक बाबांचं. म्हणजे रेकॉर्ड झाले होते ते बाबाच.

मग उरला नितीन भिया. त्याला बोलावलं आणि सरळ विचारलं, "तू काही जुळवाजुळव केलीस का? सॉफ्टवेअरनं सूर ओढलेस? मस्करी म्हणून?" बिचाऱ्याचं तोंड उतरलं. "दीदी, तुझ्यासमोर तर वायर काढून गेलो मी. अंकलच्या बाबतीत असं करेन का?" त्यालाही मी ऐकवलं ते वजा केलेलं. तो ऐकता ऐकता हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागला. "ये क्या है यार..." म्हणाला. त्या दिवशी चहा अर्धा ठेवून गेला, आणि मी त्याच्यावर अजून संशय घेते का? थोडा घेते. खोटं कशाला बोलू.

आता बघा माझी अडचण. दात काढायची तारीख जवळ आली होती. त्यानंतर बाबा वाजवू शकतील की नाही, देव... म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं. पाटीवर त्यांचं नाव येणार की नाही ते या दोन टेकवर होतं, आणि ज्याला ते पटवायचे होते त्यानंच ते खोटे ठरवले होते. मी सरांना फोन करून म्हटलं, "तुम्ही स्वतः या. तुमच्या समोर वाजवतील. तुम्हाला हवी ती धून सांगा."

आले. पुन्हा दुपारची वेळ. बाबांना मी खरं कारण सांगितलं नव्हतं. साहेबांना तुम्हाला बघायचंय एवढंच म्हटलं होतं. सर बाबांच्या समोरच बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. मी त्यांना सगळ्या वायरी दाखवल्या. ऑर्केस्ट्रा बंद, टिकटिक बंद, नमुन्याची पट्टी पुसून टाकली.

"काका," सर म्हणाले, "माझ्या फिल्ममधलं काही नको. तुम्हाला आवडतं ते एखादं मार्च वाजवा. आणि मग तेच परत एकदा."

बाबांनी एक मंद चालीचं मार्च वाजवलं. सर त्यांच्या बोटांवरून नजर हलवत नव्हते. दुसऱ्या वेळी मध्येच सरांना खोकला आला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला, पण माइकनं पकडलाच. बाबा वाजवतच राहिले. संपल्यावर बाबा आईनं दिलेले डिंकाचे लाडू आणायला बाहेरच्या खोलीत गेले, आणि मी सरांच्या समोर दोन्ही टेक लावले. पहिला सूर पहिल्या सुरावर जुळवला. बस, तेवढंच. पुढचं सगळं बाबांच्या हातात, टिकटिक नाही, काही नाही.

स्पीकरवर वाजवलं. खुर्ची. श्वास. श्वास. सरांचा खोकला. पुन्हा श्वास.

क्लॅरिनेट नव्हतं.

सरांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी इथे बसलो होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं. तरीही माझा विश्वास नाही, सुजाताजी. सॉरी." मी म्हटलं, कशावर विश्वास नाही, माझ्यावर? "कशावरच नाही," म्हणाले. बाबा लाडू घेऊन आले तेव्हा सर बूट घालत होते. लाडू घेतला नाही. बाबांशी हातही मिळवला नाही, दुरूनच मान हलवली.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेबांना आवडलं नाही वाटतं."

मग मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, वजाबाकीसकट. मला वाटलं त्यांना अपमान वाटेल, नाहीतर हसतील. ते म्हणाले, "लाव बघू, मला ऐकू दे." हेडफोन त्यांच्या कानावर घातले आणि ती शांतता लावली.

बाबा ऐकत राहिले. थोड्या वेळानं त्यांची बोटं मांडीवर चालायला लागली. मी म्हटलं, बाबा, काय ऐकू येतंय? त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. पाय ताल धरून होता. मार्च जितका लांब होता तितका वेळ, अगदी शेवटपर्यंत. मग हेडफोन काढून ठेवले.

"बरोबर आहे सगळं. मागच्या ओळीत कोणीतरी शेवटी घाई केली."

"कोणी घाई केली? बाबा, यात काहीच नाहीये."

"तुला नसेल."

"तुम्ही आहात का त्यात?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "मी कशाला असेन? मी नीट वाजवलं ना."

मी अजूनही स्वतःला समजावते की ती मस्करी होती. पण मस्करी केली की बाबा डोळा मिचकावतात, लहानपणापासून बघतेय मी. त्या दिवशी मिचकावला नाही. लाडू खाल्ला, हलत्या दातांनी, बाजूबाजूनं चावत.

मग दात काढले. हिरड्या भरेपर्यंत बाबा महूला आईच्या हातची पेज पीत बसले. कवळी आल्यावर पहिल्यांदा क्लॅरिनेट तोंडाला लावलं ते माझ्याकडे. काय सांगू... बदकाचा आवाज निघाला. सूर लागायचा, घसरायचा, मध्येच कवळी हलली की फुस्स! बाबा शिव्या घालत होते, आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी सवयीनं माइक चालू केला होता. एकच धून त्यांनी दोनदा वाजवून बघितली, आणि ते निघून गेल्यावर मी दोन्ही टेक वजा केले.

काहीही गायब झालं नाही. सगळं उरलं. दोन म्हातारे एकमेकांच्या पुढेमागे धडपडतायत, एक सूर चुकतोय, दुसरा सावरतोय. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. ते माझे बाबा होते. परेडच्या ओळीत मी डोळे मिटून ज्यांना शोधायचे, ते हे.

त्या दिवशीच्या वागण्याचं वाईट वाटून समीर सर माझ्याकडे बाबांची तब्येत विचारायला आले होते, तेव्हा बाबांचा असाच सराव चालू होता. सर दारातच थांबले. "काका! हेच! हेच पाहिजे मला. यात माणूस आहे."

"साहेब, यात चुका आहेत."

"त्याच तर पाहिजेत. हे मी उद्या फिल्मला लावतो, तुमच्या नावासकट."

बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "हे माझ्या नावावर लावू नका. पहिलं लावा, दात होते तेव्हाचं."

सर म्हणाले, "ते लावतो, काका, पण त्यावर खरा माणूस असं मी लिहू शकत नाही. मला स्वतःलाच ते पटत नाही, लोकांना काय सांगू?"

"मग नाव काढून टाका," बाबा म्हणाले. "आवाज ठेवा."

मी भांडले. आधी सरांशी, मग बाबांशी. सर गेल्यावर तर ओरडलेच त्यांच्यावर — अख्खं आयुष्य ओळीत गेलं तुमचं, एकदा नाव येत होतं, तेही घालवलंत! ते म्हणाले, "नाव राहिलं आणि वाजवलेलं खराब निघालं, तर त्या नावाचं काय लोणचं घालू?" आणि कवळी काढून पाण्यात टाकली. म्हणजे बोलणं संपलं.

फिल्म इंदूरलाच एका हॉलमध्ये दाखवली. शेवटच्या पाटीवर संगीत म्हणून फक्त माझं नाव होतं. आमच्या मागच्या रांगेत बसलेला एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "क्लॅरिनेट बढ़िया है, पर है कंप्यूटर का। पता चल जाता है।" मी मागे वळून काहीतरी बोलणारच होते, पण बाबा माझ्या आधी वळले. "हां भिया," हसून म्हणाले, "सही पकड़ा." इतके खूश दिसत होते की मला त्यांचा रागच आला.

तर हे असं आहे. तुमच्यात कोणी साउंडचं काम करणारं असेल तर सांगा हे कसं होऊ शकतं. वायर, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, सगळं तपासून झालंय. मशीनही बदलून बघितलं. "फौजी ट्रेनिंग" हे उत्तर देऊ नका, ते मीही स्वतःला देऊन बघितलं. कितीही ट्रेनिंग असलं तरी फुंकर ही फुंकर असते.  आणि ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं, ते तर अजून सांगितलंच नाही.

बाबा आता रोज सराव करतात. कवळी चांगली बसली आहे, घसरत नाही. रविवारी माझ्याकडे येतात, जेवून झालं की एक धून दोनदा वाजवतात, आणि मी ती रेकॉर्ड करते. ते गेल्यावर वजा करते. सुरुवातीला सगळं उरायचं. मग लांब सूर उरेनासे झाले, फक्त अवघड जागा उरायच्या. या रविवारी आवाज पूर्ण मोठा करून ऐकलं, तेव्हा कुठेतरी मध्येच दोन सूर ऐकू आले, अगदी बारीक, शेजारच्या घरातून यावेत तसे. बाकी खुर्ची आणि श्वास.

त्यांना सराव बंद करा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? काय कारण सांगू? काल आईचा फोन आला होता. "ऐक, ऐक," म्हणाली, आणि फोन त्यांच्या खोलीच्या दाराशी धरला. "किती छान वाजवायला लागलेत बघ पुन्हा. अगदी पहिल्यासारखं."

मी म्हटलं, हो ना.